विजेवरची गाडी चालते कशी, आणि तिचे प्रकार किती

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलावरचं एक युनिट, म्हणून पुढे युनिटच म्हणू. आता मध्यम आकाराच्या विजेवरच्या कारची बॅटरी ४५ युनिटांची धरा. ऊर्जेच्या हिशेबाने ही झाली जेमतेम ५ लिटरची टाकी. एवढ्यावर गाडी ३०० किलोमीटरच्या आसपास जाते. तेवढ्याच आकाराची पेट्रोलची कार ५ लिटरांत शंभरीच्या आगेमागे थांबते.

फरक कुठे पडतो? इंजिनात जळलेल्या पेट्रोलच्या ऊर्जेतला साधारण पाव हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. उरलेला रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन निघून जातो. बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी मात्र ८५ ते ९० टक्के चाकाला मिळते. टाकी लहान, पण खर्च हात आखडून, असं या गाडीचं गणित आहे. ब्रेक लावताना ऊर्जा परत का घेतात, ८० टक्क्यांनंतर चार्जिंग का रेंगाळतं, इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाड्यांचे इतके प्रकार का निघाले, या सगळ्याचं मूळ त्या लहान टाकीत सापडतं.

एक गोंधळ आधीच मिटवलेला बरा. किलोवॅट ही नळाची धार आणि युनिट हे हौदातलं पाणी. मोटर १०० किलोवॅटची आहे म्हणजे धार केवढी सोडता येते ते कळलं. गाडी किती लांब जाईल ते बॅटरीच्या युनिटांवरून कळतं. विक्रेतेसुद्धा हे दोन आकडे एकमेकांच्या जागी सांगताना आढळतात.

बॅटरीच्या पोटात

बॅटरी ही एक वस्तू नसते. लहान लहान सेल माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात, कारण एका सेलचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, अगदी कमी असतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, म्हणजे एनएमसी सेल सरासरी ३.७ व्होल्ट देतो. असे ९६ सेल एका सरीत जोडले की ३५५ व्होल्ट होतात. यालाच ढोबळमानाने '४०० व्होल्टची गाडी' म्हणतात. स्कूटरला एवढा दाब लागत नाही, तिथे १४ सेलांच्या सरीवर, म्हणजे ५२ व्होल्टांवरही भागतं. साठा वाढवायचा तर अशा सरी शेजारी शेजारी जोडायच्या.

सरीची एक खोड आहे. सगळ्या सेलांतून सारखाच प्रवाह जातो, त्यामुळे सर्वांत अशक्त सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही थांबावं लागतं. चार्ज करतानाही तेच होतं. एक सेल आधी भरला की सगळ्यांना थांबावं लागतं, कारण ४.२ व्होल्टच्या पुढे एनएमसी सेल भरत राहिला तर तो बिघडतो, कधी पेटही घेतो. हे राखण करणारं सर्किट म्हणजे बीएमएस, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. ते प्रत्येक सेलचा दाब आणि ठिकठिकाणचं तापमान सतत मोजतं आणि ज्या सेलांत जास्त भरलं असेल त्यांतली थोडी वीज रोधकातून (रेझिस्टर) जाळून सगळ्यांना एका पातळीवर आणतं. हे काम फार हळू चालतं, काही तास लागतात, आणि बहुतेक गाड्यांत बॅटरी भरत आलेली असतानाच होतं. पडद्यावर २० टक्के दिसताना आकडा एकदम ५ वर घसरला, तर सरीतले सेल एका पातळीवर राहिलेले नाहीत किंवा एखादा सेल म्हातारा झालेला आहे, असं समजावं.

दुसरं चालणारं रसायन म्हणजे लोह-फॉस्फेट, एलएफपी. याचा सेल ३.२ व्होल्टचा. तेवढ्याच साठ्याला तो जास्त जड पडतो, पण जास्त वेळा भरता-रिकामा करता येतो, तापल्यावर सहजासहजी भडकत नाही, आणि त्यात निकेल-कोबाल्ट लागत नाही. त्याचा एक विचित्र गुण मालकाला माहीत असायला हवा. बॅटरी ८० टक्के भरलेली असो की ३० टक्के, सेलचा दाब जवळजवळ तोच राहतो. दाब मोजून साठ्याचा अंदाज बांधणाऱ्या बीएमएसची त्यामुळे पंचाईत होते आणि हळूहळू त्याचा हिशेब चुकत जातो. म्हणून एलएफपीच्या गाड्यांना आठवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के भरायला सांगतात. एनएमसीला मात्र रोजच्या रोज १०० टक्के भरणं मानवत नाही. एकाच्या मालकाचा सल्ला दुसऱ्याने ऐकला की घोळ होतो, तेव्हा आधी आपल्या गाडीत कोणतं रसायन आहे ते पाहावं.

दोघांनाही आवडणारं तापमान माणसासारखंच, १५ ते ३५ अंश. म्हणून बहुतेक कारमध्ये सेलांच्या खालून किंवा मधून कूलंट फिरवतात. गोठणबिंदूच्या खाली सेल चार्ज करायला गेलं तर लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या थरासारखं साचतं. तेवढा साठा कायमचा कमी होतो आणि आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. शहाणा बीएमएस अशा वेळी आधी बॅटरी गरम करतो किंवा चार्जिंग अगदी बारीक धारेवर ठेवतो. गाडी 'चार्जच घेत नाही' ही थंडीतली तक्रार बहुतेक वेळा बिघाडाची नसते.

बटण दाबल्यावर

आश्चर्य वाटेल, पण शेकडो व्होल्टांची बॅटरी असलेल्या या गाडीत जुन्या पद्धतीची १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि तिच्यावाचून गाडी हलत नाही. उभ्या गाडीत मोठी बॅटरी बाकी सर्किटांपासून पूर्ण तोडलेली असते. तोडण्या-जोडण्याचं काम करणारे जाडजूड विद्युत-स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर, आणि ते ओढले जातात १२ व्होल्टवर.

बटण दाबलं की आधी १२ व्होल्टवर कंट्रोलर जागे होतात. उच्च दाबाची एकही तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली नसते; ती तशी अलगच आहे ना, हे तपासलं जातं. मग एक कॉन्टॅक्टर लागतो, पण दुसरा लगेच नाही. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठा कपॅसिटर, म्हणजे क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग असतो आणि तो रिकामा असतो. त्यावर ३५० व्होल्ट एकदम सोडले तर क्षणभर शेकडो अँपिअरचा लोंढा येतो आणि कॉन्टॅक्टरची टोकं वितळून एकमेकांना चिकटतात. म्हणून आधी रोधकातून कपॅसिटर हळूच भरतात आणि मगच मुख्य कॉन्टॅक्टर लावतात. सीटखालून किंवा तळातून येणारे 'टक् टक्' आवाज याचेच. त्यानंतर पडद्यावर तयार असल्याची खूण उमटते.

मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी एकदम निपचित पडली, दारंसुद्धा नीट उघडेनात, तर पहिला संशय त्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. गाडी चालू असताना दाब उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून तिला भरत राहतो. पण आठवडेच्या आठवडे उभ्या गाडीत अलार्म, मोबाइल जोडणी, कॅमेरा असली किरकोळ मंडळी तिला पोखरत असतात. बाहेरून १२ व्होल्ट दिले की गाडी जागी होते. उलट, विजेच्या गाडीवरून दुसऱ्याची इंजिनाची गाडी सुरू करून देऊ नये. स्टार्टरला लागणारे शेकडो अँपिअर द्यायला तो कन्व्हर्टर बनवलेला नसतो.

नारिंगी रंगाच्या तारा म्हणजे उच्च दाब. गाडी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं दाब टिकून राहतो. म्हणून कारागीर उच्च दाबाची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढतात, सांगितलेला वेळ थांबतात, मीटरने शून्य पाहतात आणि मगच हात घालतात. ज्याच्याकडे रबरी हातमोजे आणि मीटर नाही त्याने नारिंगी तारेला हात लावू नये.

इन्व्हर्टर आणि मोटर

बॅटरी एकाच दिशेने वाहणारा प्रवाह (डीसी) देते, तर मोटरला लागतो सतत दिशा बदलणारा (एसी) आणि तोही तीन फेजचा. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. त्यात सहा अर्धवाहक स्विच असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा उघड-झाप करतात. किती वेळ उघडं, किती वेळ बंद, हे प्रमाण बदलत नेलं की सपाट डीसीतून लाटेसारखा प्रवाह तयार होतो. लाट उंच केली की ताकद वाढते, जवळजवळ आणली की वेग वाढतो. अलीकडे या स्विचांसाठी सिलिकॉन कार्बाइड वापरतात. त्यात उष्णतेवाटे जाणारी वीज कमी होते, म्हणजे त्याच बॅटरीत थोडे जास्त किलोमीटर मिळतात.

मोटरच्या स्थिर भागात, स्टेटरमध्ये, तांब्याची वेटोळी तीन गटांत बसवलेली असतात. तीन फेज एकामागून एक चढ-उतार करतात तसं आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं. मधल्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतील तर गाईमागे वासरू जावं तसा रोटर त्या क्षेत्रामागे जातो. ही सिंक्रोनस मोटर, आज बहुतेक कारमध्ये हीच असते. इंडक्शन मोटरमध्ये चुंबक नसतात. फिरत्या क्षेत्रामुळे रोटरच्या पट्ट्यांत प्रवाह उपजतो आणि तोच रोटरला तात्पुरता चुंबक बनवतो. तिला निओडिमियमसारखे दुर्मिळ धातू लागत नाहीत, पण रोटर जास्त तापतो आणि ती थोडी जास्त वीज खाते. दोन मोटरच्या गाड्यांत मात्र एका आसावर मुद्दाम इंडक्शन मोटर बसवतात, कारण प्रवाह बंद केला की ती अडथळा न करता मोकळी फिरते. कायमचुंबकी मोटर बंद असतानाही आपल्या चुंबकांमुळे थोडी ओढ लावते.

स्कूटरमध्ये अनेकदा मोटर थेट चाकाच्या हबमध्येच असते. साखळी, पट्टा, गिअर काही नाही. पण खड्ड्यांचे सगळे धक्के मोटरला बसतात, आणि चिखल-पाणी आत जायला वाव राहतो. रोटर नेमका कुठे आहे हे कळवायला अशा मोटरमध्ये बहुधा तीन हॉल सेन्सर असतात. त्यातला एक गेला की स्कूटर सुटताना हिसके देते किंवा जागीच थरथरते. धक्का दिला की चालू लागते, म्हणून लोक बॅटरीला दोष देतात. खरा बिघाड असतो त्या छोट्याशा सेन्सरचा किंवा त्याच्या जोडणीत शिरलेल्या ओलाव्याचा.

इंजिनाला बंद पडू नये म्हणून ठरावीक वेगाने फिरतच राहावं लागतं, त्यासाठी क्लच आणि चार-पाच गिअर. मोटर शून्य फेऱ्यांवरही पूर्ण जोर लावते, म्हणून एकच कायमची गिअरजोडी पुरते. साधारण ९:१ ची. चाकाचा परीघ २ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला ८३३ फेरे मारतं आणि मोटर ७,५०० च्या आसपास. तिच्यासाठी हा आकडा काहीच नाही. १५,००० फेऱ्यांच्या मोटर सर्रास आहेत. रिव्हर्स गिअरही वेगळा नसतो. फेजचा क्रम उलटा केला की चुंबकीय क्षेत्र उलटं फिरतं.

ब्रेकमधून परत येणारी वीज

पाय उचलला की तीच मोटर जनरेटर बनते. चाकं तिला फिरवतात, इन्व्हर्टर वीज उलट बॅटरीकडे पाठवतो आणि गाडी हळू होते. यालाच रीजनरेशन म्हणतात. १,५०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली तर तिच्या गतीत ०.०५८ युनिट असतं. आकडा फुटकळ दिसतो. पण शहरात असं शंभर वेळा थांबलं की ५.८ युनिटं होतात, आणि त्यातली ६० टक्के परत मिळाली तरी वीसेक किलोमीटरची बेगमी झाली. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट होते. तरीही महामार्गावर थांबणंच कमी, म्हणून तिथे रीजनरेशनचा फायदा थोडा. विजेची गाडी शहरात जास्त आणि महामार्गावर कमी पळते, हे पेट्रोलच्या बरोबर उलटं का, त्याचं एक कारण हे.

बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, तेव्हा रीजनरेशन बंद किंवा अगदी मंद होतं. घाटमाथ्यावर राहणाऱ्याने सकाळी १०० टक्के भरून खाली उतरायला सुरुवात केली, तर रोजच्या सवयीने गाडी हळू होत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. अशांनी ८०-८५ टक्क्यांवर थांबावं. घाट उतरताना उरलेलं फुकटात भरतं. दुसरी अडचण उलट्या बाजूची. साधे ब्रेक इतके कमी वापरले जातात की डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपर अडकतात. मागे-पुढे कोणी नाही असं पाहून अधूनमधून एकदा जोरात ब्रेक दाबलेला चांगला.

चार्जिंग: भिंतीवरचं आणि रस्त्यावरचं

घरच्या भिंतीवर लावतात त्या पेटीला सगळे चार्जर म्हणतात, पण ती चार्जर नसतेच. खरा चार्जर, म्हणजे एसीचं डीसी करणारं यंत्र, गाडीत असतं. भिंतीवरची पेटी म्हणजे शिष्टाचार पाळणारा स्विच. प्लग लावला की ती एका बारीक तारेवरून सेकंदाला हजार स्पंदनांचा संदेश पाठवते. स्पंदनाची रुंदी पाहून गाडीला कळतं, की इथून किती अँपिअर ओढायला परवानगी आहे. दोन्हीकडून होकार मिळाल्यावरच पेटी मुख्य वीज सोडते. म्हणून प्लग उपसताना ठिणगी उडत नाही.

२३० व्होल्ट आणि १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट, ३२ अँपिअर म्हणजे ७.४. आपली ४५ युनिटांची बॅटरी १० वरून १०० टक्के करायला ४० युनिटं हवीत, वाटेत दहाएक टक्के जातात, म्हणजे भिंतीतून ४४-४५ युनिटं निघणार. एका सर्किटवर १२ तास, दुसऱ्यावर ६. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचाच असेल तर भिंतीवर कितीही मोठी पेटी लावा, फरक पडत नाही.

घरच्या चार्जिंगमध्ये बिघडतं ते बहुतेक वेळा वायरिंगच. गिझर किंवा इस्त्री थोडा वेळ चालते आणि थांबते. गाडी मात्र पूर्ण प्रवाह सलग सहा-सहा तास ओढते. सैल स्क्रूखालची तार तेवढ्या वेळात तापून प्लास्टिक वितळवते. गाडीसाठी मीटरपासून वेगळी लाइन, तिला स्वतःचा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच हवा. आरसीडी साधा नको, कारण गाडीकडून डीसी गळती झाली तर साधा आरसीडी आंधळा होतो. तो टाइप-बी घ्यावा, किंवा पेटीत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारं सर्किट असेल तर टाइप-ए पुरतो. अर्थिंग नसेल किंवा कमजोर असेल तर बऱ्याच गाड्या चार्ज घ्यायला साफ नकार देतात, आणि ते योग्यच आहे. गुंडाळी न सोडलेल्या एक्स्टेन्शन केबलवर गाडी लावणं म्हणजे हीटर तयार करणं.

रस्त्यावरचा जलद चार्जर मात्र खराखुरा चार्जर. एसीचं डीसी तोच करतो आणि थेट बॅटरीला देतो. गाडीतला छोटा चार्जर वाटेत येत नाही. प्लगांचे चार मोठे गट आहेत: युरोपातून पसरलेला सीसीएस-२, जपानचा चाडेमो, चीनचा जीबी/टी आणि टेस्लाने सुरू केलेला, आता उत्तर अमेरिकेत सगळ्यांनी उचललेला एनएसीएस. सीसीएस-२ मध्ये एसीच्या प्लगखालीच डीसीचे दोन जाड पिन जोडलेले असतात, त्यामुळे गाडीला एकच तोंड पुरतं.

वेग कोण ठरवतं? चार्जर नव्हे, गाडी. १५० किलोवॅटच्या चार्जरला ५० किलोवॅट घेणारी गाडी लावली तर ५० च मिळणार. आणि तेही शेवटपर्यंत नाही. सुरुवातीला सेल मोठा प्रवाह घेतो. त्याचा दाब कमाल मर्यादेला टेकला की दाब तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत न्यावा लागतो. पेला काठोकाठ भरताना धार आपोआप बारीक करतो तसंच. म्हणून १० ते ८० टक्के अर्ध्या-पाऊण तासात होतात आणि वरच्या २० टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ लागतो. लांबच्या प्रवासात एकदा १०० टक्के भरत बसण्यापेक्षा दोनदा ७०-८० पर्यंत भरणं लवकर पोहोचवतं.

कागदावरचे किलोमीटर, रस्त्यावरचे किलोमीटर

कार शंभर किलोमीटरला १२ ते २० युनिटं खाते, स्कूटर तीनेक. नेमकी किती, हे वेग ठरवतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून ११० वर गेलात की तो १.९ पट होतो.

गाडी गार करणाऱ्या एसीचं गणित मात्र उलटं चालतं आणि पुष्कळांना ते पटत नाही. एसी १ किलोवॅट खातो असं धरू. ताशी ८० ने जाताना शंभर किलोमीटरला सव्वा तास लागतो, म्हणजे सव्वा युनिट. वाहतुकीत अडकून ताशी २० ने जाताना तेच अंतर ५ तासांचं, म्हणजे ५ युनिटं. थंडीत हीटर याहून वाईट, कारण इंजिनासारखी फुकटची उष्णता इथे नसते. साधा हीटर ३ ते ५ किलोवॅट ओढतो. हीट पंप असेल तर तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो आणि एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब देतो. थंड मुलखात गाडी घेताना चकचकीत पडद्याआधी हीट पंप आहे का ते विचारावं.

बॅटरी झिजते दोन वाटांनी: वापराने, आणि नुसत्या काळाने. काळाची झीज उष्णतेत आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत वेगाने होते. १०० टक्के भरून गाडी आठवडाभर उन्हात ठेवणं हा तिचा सर्वांत मोठा छळ. बरेच दिवस उभी राहणार असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. ते कागद वाचताना ७० टक्के हा आकडा मुद्दाम शोधावा; 'बॅटरीची हमी' एवढंच लिहिलेलं असेल तर क्षमता घटल्यावर काही मिळेलच असं नाही.

तळाला जोरात दगड लागला असेल किंवा गाडी पुरात उभी राहिली असेल तर तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. बिघडलेला सेल तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी तासांनी, कधी दिवसांनीही सुरू होऊ शकते. विझवायला पाणीच लागतं, तेही भरपूर, कारण आग विझली तरी आतले सेल गरम राहतात.

प्रकार ओळखायचे दोन प्रश्न

'इलेक्ट्रिक' हा शब्द हल्ली कुठल्याही गाडीवर चिकटवतात. म्हणून दोनच गोष्टी विचाराव्यात: बाहेरून तिच्यात काय भरायचं, आणि चाक कोण फिरवतं?

फक्त वीज भरायची आणि फक्त मोटर चाक फिरवते, ती बॅटरीवरची गाडी. आतापर्यंतचं सगळं वर्णन हिचंच. कल्पना अजिबात नवी नाही. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारी मोटारगाडी विजेवरचीच होती, कामिय जनात्झी या बेल्जियन चालकाची. पण शिशाच्या बॅटऱ्यांची टाकी फारच लहान पडली. १९१२ मध्ये पेट्रोलच्या गाडीला विजेचा स्टार्टर आला, हँडल मारायची कटकट गेली आणि विजेची गाडी मागे पडली. १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आला तेव्हा ही टाकी मोठी होण्याची वाट मोकळी झाली.

फक्त पेट्रोल भरायचं आणि मोटर इंजिनाला नुसता हात लावते, ती माइल्ड हायब्रिड. बहुधा ४८ व्होल्टची, अर्ध्या युनिटाच्या आसपासची बॅटरी. मोटर एकटी गाडी चालवू शकत नाही. हिला विजेची गाडी म्हणणं म्हणजे चहात वेलची टाकून त्याला खीर म्हणणं.

पेट्रोलच भरायचं, पण चाक इंजिन किंवा मोटर किंवा दोघं मिळून फिरवतात, ती पूर्ण हायब्रिड. १९९७ मध्ये जपानात आलेली टोयोटा प्रियस हिचा प्रसिद्ध नमुना. बॅटरी एक-दीड युनिटाचीच. बचत होते ती दोन कारणांनी: ब्रेकची ऊर्जा वाया जात नाही, आणि इंजिनाला ज्या फेऱ्यांवर ते सर्वांत कमी पितं तिथेच चालवता येतं, कारण कमी-जास्त जोराची गरज मोटर भागवते. प्रियसमध्ये इंजिन, मोटर आणि जनरेटर एका प्लॅनेटरी गिअरने जोडलेले आहेत, नेहमीचा गिअरबॉक्स नाही. 'स्वतः चार्ज होणारी' अशी हिची जाहिरात करतात. खरं तर तिच्यातलं प्रत्येक युनिट पेट्रोलमधूनच आलेलं असतं.

पेट्रोल आणि वीज दोन्ही भरायचं, ती प्लग-इन हायब्रिड. बॅटरी साधारण १० ते २० युनिटांची, विजेवर ४० ते ८० किलोमीटर. रोजचं जाणं-येणं एवढ्यात बसत असेल आणि रोज रात्री प्लग लागत असेल तर ही फार समंजस सोय आहे. प्लग न लावता वापरली तर मात्र शंभर-दीडशे किलोंचं ओझं वाहणारी साधी हायब्रिड उरते. उलट, कायम विजेवरच चालवणाऱ्यांचं पेट्रोल टाकीत जुनं होतं, म्हणून अशा गाड्या मधूनच आपणहून इंजिन सुरू करतात. तो बिघाड नव्हे.

इंजिन आहे, पण चाकाशी त्याचा संबंध नाही, ते फक्त जनरेटर फिरवतं, ती रेंज एक्स्टेंडर. बॅटरी संपत आली की फिरतं वीजघर सुरू होतं. शहरात हे छान चालतं. महामार्गावर मात्र इंजिन, जनरेटर, इन्व्हर्टर, मोटर अशा प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळतं, आणि सरळ गिअरने जोडलेलं इंजिन त्याहून स्वस्तात पडतं. म्हणून जनरेटरसारखं इंजिन वापरणाऱ्या काही गाड्यांत जास्त वेगाला एक क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकाला जोडलं जातं.

टाकीच नको म्हणणारी एक जुनी जात आहे: डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी ट्रॉलीबस. १८८२ साली बर्लिनजवळ वेर्नर फॉन सीमेन्सने ती चालवून दाखवली होती. ठरलेल्या मार्गावर तिच्याइतकी हलकी विजेची बस दुसरी नाही.

आणि शेवटी हायड्रोजन. इथेही चाक मोटरच फिरवते, पण वीज फ्युएल सेलमध्ये गाडीतच तयार होते. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एका पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंनी येतात, प्लॅटिनमच्या मदतीने त्यांचं पाणी होतं आणि वाटेत इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात. एका सेलला चालू स्थितीत ०.७ व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणून शेकडो सेल रचतात. फ्युएल सेल एकमार्गी आहे, ब्रेकची वीज परत घेऊ शकत नाही. म्हणून याही गाडीत छोटी बॅटरी असतेच. २०१४ मध्ये आलेल्या टोयोटा मिराईसारख्या कारमध्ये ७०० बार दाबाखाली पाचेक किलो हायड्रोजन मावतो, एका किलोत ३३ युनिटं, आणि भरायला पाच मिनिटं पुरतात. टाकी लहान असण्याचा प्रश्न इथे सुटतो, पण हात आखडण्याची सवय मोडते. विजेने पाणी फोडून हायड्रोजन करायचा, दाबायचा, आणि परत वीज बनवायची, यात मूळ विजेतला तिसरा हिस्साही चाकापर्यंत जेमतेम पोहोचतो. बॅटरीच्या वाटेने तीन चतुर्थांश पोहोचतो. म्हणून कारसाठी हा मार्ग महागच राहणार. टनभर बॅटऱ्या वाहणं ज्यांना परवडत नाही अशा लांब पल्ल्याच्या जड ट्रकांसाठी त्याचा विचार चालू आहे. हायड्रोजनच्या गाडीत सायलेन्सरच्या जागी असलेल्या नळीतून नुसतं पाणी ठिबकतं, आणि गाडी बंद केल्यावर काही सेकंद फुर्रकन हवा सुटल्याचा आवाज येतो: थंडीत आतलं पाणी गोठून पडदा फाटू नये म्हणून ती ते फुंकून काढत असते.